नॉक ऑफचा घनपाठ

त्रिपाठीजींनी माझी कॉलर धरली तेव्हा आमची नाव पंचगंगा घाट मागे टाकून राजघाटच्या पुलाकडे निघाली होती. नावेत चार मल्लाह होते आणि चौघांपैकी एकाचाही हात वल्ह्यावर नव्हता. चौघांचे उजवे हात हवेत होते. वर, खाली, बाजूला, पुन्हा वर. आणि चौघे खणखणीत आवाजात म्हणत होते:

“नॉक ऑफ, ऑफ नॉक, नॉक ऑफ मॅनेजर, मॅनेजर ऑफ नॉक, नॉक ऑफ मॅनेजर!”

त्रिपाठीजी हॉटेलचे मॅनेजर होते.

“ये क्या बोल रहे हैं आपके लोग?”

“एक्झाम्पल है, सर.”

“एक्झाम्पल में मॅनेजर ही क्यों?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मधल्या धारेत देण्यासारखं नव्हतं.

आता नीट सुरुवातीपासून सांगतो. कारण आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत या प्रसंगाच्या इतक्या आवृत्त्या फिरतात की काहींत मी बुडून मेलो आहे, आणि एकीत तर मला कोणी वाचवायलाही गेलेलं नाही.

मी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. डिग्री नाही. लहानपणी अमृतराव घाटावर परदेशी पाहुण्यांच्या बॅगा उचलायचो. बॅग उचलण्याआधी भाव ठरवावा लागतो. त्यामुळे इतरांचं इंग्रजी ‘ए फॉर ॲपल’पासून सुरू होतं, माझं ‘टू मच’पासून झालं. पुढे गाइडचं काम केलं, साडीच्या गद्द्यांवर, म्हणजे ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर, दुभाषी म्हणून बसलो, आणि शेवटी लक्षात आलं की माल विकण्यापेक्षा माल विकायची भाषा विकणं बरं. ती ठेवायला गोदाम लागत नाही.

गल्लीच्या तोंडाशी माझी पाटी आहे. पेंटर अक्षरावर पैसे घेत होता, म्हणून मी मजकूर तासून तासून आणला होता. ‘अंग्रेज़ी सीखिए और बोलिए’मधलं ‘सीखिए और’ काढून टाकलं. शिकल्याशिवाय कोण बोलणार? शेवटी उरलं ते एवढं: ‘अंग्रेज़ी बोलिए, गारंटी से.’ ‘गारंटी से’ मात्र मोठ्या लाल अक्षरांत. तिथे मी घासाघीस केली नाही.

नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलला पाहुण्यांच्या सकाळच्या फेरीसाठी कायमचे नाववाले हवे होते. मोटरबोट नको, वल्ह्याचीच नाव हवी, कारण पाहुण्यांना शांतता लागते. लल्लन हा रामघाटावरचा मल्लाह. त्याची, त्याच्या धाकट्या भावाची मुन्नाची आणि त्यांच्या दोन चुलतभावांची मिळून एक टोळी होती. त्यांना हे काम हवं होतं. मोटरबोटींनी त्यांचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं होतं. हे काम हातचं गेलं तर नाव विकायची, असं घरात बोलणं झालेलं होतं. हॉटेलची अट एकच: पाहुण्याशी इंग्रजीत नीट बोलता आलं पाहिजे.

लल्लनला घेऊन मी त्रिपाठीजींकडे गेलो. त्रिपाठीजी लखनौचे. आवाज कधी चढत नाही. अपमानसुद्धा साखरेत घोळून करतात.

“सदाशिवजी, अडचण अशी आहे,” ते हिंदीत म्हणाले, “की पाहुणे विचारतात, ‘विल यू नॉक ऑफ अ लिटल?’ म्हणजे थोडं कमी करणार का? यावर आपले नाववाले एक तर भांडतात, नाही तर मुके होतात. मला एवढंच हवं की नाववाल्याने हसून सांगावं, सॉरी सर, हॉटेल रेट, फिक्स्ड.”

“होऊन जाईल.”

“पाटीवर गारंटी लिहिता. बाय द वे, आपलं क्वालिफिकेशन काय?”

ते ‘बाय द वे’ माझ्या मस्तकात गेलं. माणसाने सरळ शिवी द्यावी. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, “यांना बोलता आलं नाही तर ती पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवीन आणि पुन्हा बनारसमध्ये इंग्रजीचं नाव घेणार नाही!”

“लिख लूँ?” त्रिपाठीजींनी गोड विचारलं.

जिन्यातून उतरताना लल्लन म्हणाला, “मास्टर साहब, सौदा में आपन दुकान ना लगावे के चाही.” सौद्यात स्वतःचं दुकानच पणाला लावू नये, असं त्याचं म्हणणं. मी त्याला गप्प केलं. भलत्या वेळी बरोबर बोलणारी माणसं मला चालत नाहीत.

आता हा ‘नॉक ऑफ’ काय प्रकार आहे ते सांगतो. इंग्रजीत याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याच्या मागे एक टीचभर शब्द उभा करायचा, की अर्थ घर सोडून पळतो. नॉक म्हणजे ठोकणे. ऑफ म्हणजे सुटं, दूर. दोघांची सोयरीक झाली की सहा-सात अर्थ होतात. किंमत कमी करणे, नॉक ऑफ. काम थांबवून घरी जाणे, नॉक ऑफ. एखादी गोष्ट झटपट उरकणे, तेही नॉक ऑफ. सुरतेच्या पॉवरलूमवर बनारसी साडीची नक्कल काढली तर ती नॉक ऑफ. एखाद्याचं घड्याळ ढापलं, नॉक ऑफ. माणूस उडवला, नॉक ऑफ. आणि मध्ये ‘इट’ घालून ‘नॉक इट ऑफ’ म्हटलं की अर्थ होतो, पुरे कर आता. एवढे अर्थ एका जोडप्याने सांभाळणं म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका नळावर सगळा मोहल्ला जगण्यासारखं आहे.

हे मी चौघांना शिकवत होतो. माझा क्लास रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेच्या माडीवर भरतो. जागा आबा गुरुजींची. सत्तरी ओलांडलेले, घनपाठी. भाडं ते घेत नाहीत. त्याऐवजी मी त्यांच्या विद्यार्थ्यांना रेल्वेचे फॉर्म आणि बँकेची चलनं भरायला शिकवतो. हा सौदा मी जिंकलो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

चौघांना शब्द येत होता, पण टिकत नव्हता. आज किंमत कळली की उद्या काम थांबवणं विसरायचे. मुन्ना तर सगळ्या प्रश्नांना ‘थँक यू’ म्हणायचा. मी ओरडत होतो. माझा आवाज खालच्या मजल्यावर संहितेत मिसळत असावा, कारण गुरुजी काठी टेकत वर आले.

“सदाशिवा, काय रे हे? मघापासून एकच शब्द, आणि तोही कोणाला येत नाही?”

“फ्रेजल व्हर्ब आहे, गुरुजी. अर्थ फार आहेत.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. गुरुजी सतरंजीवर बसले. चेहरा असा उजळला की जणू गावाकडचं कोणी भेटलं.

“अरे, हा तर उपसर्ग! आपला ‘योग’ घे. संयोग, वियोग, प्रयोग, उपयोग, उद्योग. माणूस तोच, सोबत बदलली की चालचलणूक बदलते. यांची सोबत मागून येते, एवढाच फरक. बरं, हा ऑफ त्या नॉकला सोडून लांब जाऊन बसतो का?”

“बसतो ना. नॉक इट ऑफ.”

“वेदातही बसतो! मंत्रात उपसर्ग इकडे, क्रियापद तिकडे, मध्ये भलताच कोणी. नंतर सुटला हा प्रकार. यांनी अजून ठेवलाय म्हणतोस?” गुरुजी खूश झाले. “बरी माणसं आहेत. पण तू शिकवतोस चुकीचं. आधी अर्थ सांगतोस. आधी पाठ, मग अर्थ. अर्थ विसरतो रे माणूस. पाठ नाही विसरत.”

“गुरुजी, यांना एक वाक्य आलं तरी माझं भागतं.”

“तुझं भागेल. त्यांचं काय?” असं म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं.

पाठशाळेची शिकवायची रीत अशी. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतात. याला संथा म्हणतात. सोबत हात चालतो: स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली. हात आणि तोंड यांची गाठ अशी पक्की बसते की एक थांबलं की दुसरं अडतं. मग शब्दांची वीण. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. हा घनपाठ. उलटसुलट म्हटल्यामुळे एकही शब्द निसटत नाही. वेद असे हजारो वर्षं टिकले. नॉक ऑफ काय चीज आहे?

गुरुजींनी प्रत्येक अर्थाला एक उदाहरण मागितलं. मी देत गेलो. नॉक ऑफ प्राइस. नॉक ऑफ वर्क. नॉक ऑफ लेटर, म्हणजे पत्र झटकन लिहून टाकणे. नॉक ऑफ साडी. नॉक ऑफ वॉच.

“हा मधला ‘द’ काय करतो?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग गाळ.”

माणूस उडवण्याचा अर्थ मात्र मीच गाळू म्हणालो. नावेत पाहुणा बसलेला असताना नाववाल्याच्या तोंडी तो बरा नाही.

“सदाशिवा, धर्मशाळा आहे का ही? हा अर्थ ठेवला, तो काढला! बोल, कोणाला उडवायचं?”

त्याच दिवशी सकाळी त्रिपाठीजींचा फोन आला होता. काम देण्याआधी ते नावेत बसून चौघांची परीक्षा घेणार होते, ती त्यांनी अलीकडे ओढली होती. शेवटी म्हणाले होते, “पाटी उतरवायला शिडी लागेल तर हॉटेलमधून पाठवू का?”

“मॅनेजर,” मी म्हणालो.

गुरुजींनी तो शब्द घनात ओवला.

मला आजही वाटतं की त्यात माझी चूक नव्हती. उदाहरण मागितलं, उदाहरण दिलं.

परीक्षेच्या दिवशी त्रिपाठीजी रामघाटावर आले ते पीटरसाहेबांना घेऊन. हे हॉटेलमध्ये मुक्कामाला असलेले एक म्हातारे इंग्रज. जन्मभर शब्दकोशाच्या कचेरीत काम केलेलं. अंगात सुती कुर्ता, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी. पाहुणा म्हणून प्रश्न तेच विचारणार होते. पावसाळा नुकताच ओसरला होता. पाण्याला चांगली ओढ होती.

नाव सुटली. पीटरसाहेबांनी मला विचारलं, काय शिकवलंत? मी म्हणालो, नॉक ऑफ. म्हातारा खुलला. मीही माझ्याजवळचा उत्तम माल बाहेर काढला. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो: जुन्या काळी मोठ्या गलबतांवर गुलाम वल्ही मारायचे. एक जण लाकडावर ठोके द्यायचा. ठोक्यावर वल्हं. ठोके थांबले की काम बंद. म्हणून नॉक ऑफ म्हणजे काम थांबवणे.

“अ लव्हली स्टोरी,” पीटरसाहेब म्हणाले. “नो एव्हिडन्स.”

“थोडा तरी पुरावा असेल?”

“नाही.”

“निम्मी गोष्ट खरी धरू?”

“नाही हो,” म्हातारा हसत म्हणाला. मग त्याने इंग्रजीत मला समजावलं. काम थांबवण्याचा अर्थ जुना, चारेकशे वर्षांपूर्वीचा. किंमत उतरवण्याचा त्यानंतरचा. नक्कल करण्याचा तर त्यांच्या हिशेबाने कालपरवाचा. पण मूळ ठोका कुठला, कोणी दिला, हे कोणालाच नक्की माहीत नाही. लोकांना कारण हवं असतं, म्हणून गलबत आणतात.

शब्दकोशवाले घासाघीस करत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. ही गोष्ट मी गारंटीने विकत होतो. पण लल्लनला ती कळावी म्हणून मी हिंदीत सांगितली, तेव्हा तो वल्हं मारता मारता म्हणाला, “झूठ हो चाहे साँच, मल्लाह क बात त हौ.”

त्रिपाठीजींनी घड्याळ पाहिलं. “शुरू करें?”

पीटरसाहेबांनी टोपी सावरली, लल्लनकडे बघून गोड हसले आणि ठरलेला प्रश्न विचारला. “विल यू नॉक ऑफ अ लिटल, माय फ्रेंड?”

लल्लनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ‘सॉरी’चा ‘सॉ’ मला दिसला, शपथेवर सांगतो. पण एका वयस्क, सात्त्विक दिसणाऱ्या, काठी घेतलेल्या माणसाने समोर बसून ‘नॉक ऑफ’ म्हटलं होतं. म्हणजे संथा दिली होती. गुरूने एकदा म्हटलं की शिष्याने दोनदा म्हणायचं.

चौघांनी वल्ही सोडली. चार उजवे हात वर गेले.

“नॉक ऑफ, ऑफ नॉक, नॉक ऑफ प्राइस, प्राइस ऑफ नॉक, नॉक ऑफ प्राइस!”

“ये क्या है?” त्रिपाठीजी.

“उत्तर आहे. जरा लांब आहे.”

“नाव कौन चला रहा है?”

गंगामाई चालवत होती. नाव आडवी झाली आणि धारेला लागली. मी ओरडलो, “अरे, वल्ही धरा!” पण वल्हं धरायला हात लागतो, आणि हात स्वरात गुंतला होता. हात थांबवला तर तोंड थांबणार, आणि पाठ मध्ये तोडायचा नाही ही गुरुजींची पहिली शिकवण. दुसरी शिकवण अशी की कोणी चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं.

किंमत झाली, काम झालं, पत्र, साडी, घड्याळ झालं. मग मॅनेजर आला. त्रिपाठीजींनी माझी कॉलर धरली. ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

ओढाताणीत नाव डुलली. शेवटची ओळ राहिली होती, नॉक इट ऑफ. तिथे इट मध्ये शिरतो. नेमका तिथेच मुन्ना दचकला आणि ‘नॉक ऑफ इट’ म्हणाला.

लल्लनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मोठा भाऊच पाहू शकतो. मग हात वर केला.

“नॉक ऑफ, ऑफ नॉक, नॉक ऑफ प्राइस...”

“रोकिए इनको!” त्रिपाठीजींचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला असावा.

“मी कसा थांबवू? मी गुरू नाही!”

“गारंटी तो आप ही ने दी थी!”

“तुम्हीच कॉलर ओढली म्हणून तो चुकला!”

“आप चिल्लाए इसलिए चूका!”

आम्ही भांडत होतो आणि घाट मागे पडत होते. गायघाटावर धोबी कपडे आपटायचे थांबून बघत होते. एकाने हाक मारली, “का गुरु, कौन मंतर हौ?” समोरून येणाऱ्या मोटरबोटीतल्या लोकांनी आम्हाला हात जोडले. एका बाईंनी तर नाणं फेकलं. ते त्रिपाठीजींच्या बुटावर पडलं.

पीटरसाहेब तेवढे शांत होते. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून, डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मार्व्हलस. दे हॅव पुट द पार्टिकल इन एव्हरी पॉसिबल प्लेस.” पार्टिकल म्हणजे तो मागचा टीचभर शब्द.

पुन्हा मॅनेजर आला. त्रिपाठीजींनी दात आवळले. पुन्हा शेवटची ओळ आली, आणि त्रिपाठीजींचा फोन वाजला. मुन्ना चुकला. लल्लनने हात वर केला.

समोर राजघाटचा पूल दिसू लागला. पुलाच्या खांबांपाशी पाणी कसं फिरतं हे बनारसच्या पोराटोरांना माहीत आहे. त्रिपाठीजी लखनौचे असले तरी त्यांनाही ते डोळ्यांनी दिसलं. ते माझ्याजवळ सरकून बसले.

“सदाशिवजी, हे थांबणार कसं?”

“एकदा बिनचूक पुरं झालं की.”

“ते कधी होईल?”

“तुम्ही गप्प बसाल तेव्हा.”

“आप भी तो चुप रहें.”

आता बघा, इथे सौदा होता. समोरच्याला घाई आहे, मला पोहता येतं. मी म्हणालो, “गप्प बसतो. पण पाठ पुरा झाला की यांना काम द्यायचं. आणि माझी पाटी जागेवर राहील.”

“काम का देखेंगे. बोर्ड की बात अलग है.”

“मग मी बोलतो. मला पुष्कळ बोलायचंय.”

“अच्छा, काम दिया! बोर्ड का किनारे पर तय करेंगे.”

“आत्ता!”

“किनारे पर!”

खांब जवळ येत होता. मी आजवर कोणत्याही सौद्यात आधी पापणी लववली नाही. त्या दिवशी लववली. मला पोहता येतं, पण पीटरसाहेबांचं मला माहीत नव्हतं, आणि शब्दकोशवाला माणूस बुडवल्याचा ठपका घेऊन इंग्रजीचा क्लास चालत नाही. मी तोंडावर हात ठेवला. त्रिपाठीजींनी फोन बंद केला आणि तोंडावर हात ठेवला. नावेत फक्त नॉक ऑफ उरला.

किंमत. काम. पत्र. साडी. घड्याळ. मॅनेजर. त्रिपाठीजींनी डोळे मिटले. शेवटची ओळ आली. मुन्नाच्या कपाळावर घाम. आणि पीटरसाहेबांनी डोळे न उघडता काठी उचलली, नावेच्या फळीवर ठोका दिला आणि मुन्नाबरोबर म्हणाले, “नॉक इट, इट नॉक, नॉक इट ऑफ, ऑफ इट नॉक, नॉक इट ऑफ.”

मुन्ना बरोबर आला. चार हात एकदम खाली आले. चौघांनी नमस्कार केला. ठोका थांबला होता.

मग लल्लनने वल्हं धरलं. दोन दणकट हातांत नाव वळवून खांबापासून लांब काढली, वळून पीटरसाहेबांकडे पाहिलं, छान हसला आणि म्हणाला, “सॉरी सर. हॉटेल रेट. फिक्स्ड.”

रामघाटावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राजघाटच्या पुलाखाली मिळालं होतं. पण मिळालं होतं, आणि बिनचूक मिळालं होतं.

“पास!” मी ओरडलो.

“पाहुणा तोपर्यंत थांबत नसतो,” त्रिपाठीजी टाय सारखा करत म्हणाले. “हे बोलणं नव्हे. हा पाठ आहे.”

धारेविरुद्ध परत यायला बराच वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ आम्ही पाटीवर घासाघीस केली. ते म्हणाले पाटी उतरवा. मी म्हणालो एक खिळासुद्धा निघणार नाही. ते म्हणाले उलटी लावा. मी म्हणालो तुम्हालाच उलटं टांगतो. पीटरसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सुचवलं, “व्हाय नॉट नॉक ऑफ अ वर्ड?”

घाट लागेपर्यंत तेच ठरलं.

पुढे काय झालं तेही सांगतो, म्हणजे माझी तक्रार कशाची आहे ते कळेल. लल्लनला काम मिळालं. इतकंच नाही, पीटरसाहेबांनी हॉटेलात सगळ्यांना सांगितल्यामुळे पाहुणे आता तीच नाव मागतात. पाठासाठी लल्लनची टोळी वेगळा आकार घेते, तोही फिक्स्ड. आता दोघे म्हणतात आणि दोघे वल्ही धरतात; एवढी अक्कल मीच दिली, पण ते कोणी सांगत नाही. हॉटेलच्या स्टाफला इंग्रजी शिकवायचं काम निघालं, ते त्रिपाठीजींनी आबा गुरुजींना दिलं. गुरुजींना इंग्रजी येत नाही. “त्याने काही अडत नाही,” असं त्रिपाठीजी म्हणाले, आणि रोज सकाळी गाडी पाठवू लागले. पीटरसाहेबांनी मायदेशी जाऊन कुठल्याशा मासिकात लेख लिहिला. त्यात गुरुजींबद्दल बराच मजकूर आहे, लल्लन आणि मुन्नाही आहेत. माझा उल्लेख ‘सोबतचे एक तापट गृहस्थ’ असा आहे.

मी लेख गुरुजींना दाखवला. ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय की.”

त्रिपाठीजींनी एक गोष्ट मात्र अजून मागे लावली आहे. त्यांना सहावी ओळ बदलून हवी आहे. रोज उजाडता हॉटेलच्या गच्चीखालून नाव जाते, पाहुणे चहा घेत उभे असतात, आणि खालून घनात मॅनेजर उडवला जातो. त्यांनी गुरुजींना गळ घातली. गुरुजी म्हणाले, एकदा घनात गेलेला शब्द निघत नाही. तुम्हीच दुसरी नोकरी बघा. मग ते माझ्याकडे आले. ओळ बदलायला लावलीत तर पाटीवरचा शब्द परत लिहा, म्हणाले.

मी गुरुजींकडे जाऊन हातापाया पडलो. नाहीच बदलली.

तेव्हा पाटी आजही गल्लीच्या तोंडाशी आहे. ‘अंग्रेज़ी बोलिए’ एवढंच दिसतं. पुढे चुन्याचा एक लांब पट्टा. चुना मीच लावला, कारण पेंटर खोडण्याचेही अक्षरावर मागत होता. पावसाळ्यात चुना धुपतो आणि खालून लाल ‘गारंटी’ पुन्हा डोकावते. मग त्रिपाठीजी हॉटेलमधून शिडी पाठवतात.

या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रागात शिवी द्या, ती परत घेता येते. रागात शब्द द्या, त्यावरही घासाघीस चालते. पण कोणी पाठ करून घेणारा समोर बसला असेल, तर रागात उदाहरण देऊ नका.